सासऱ्यांच्या विमानाला कापड

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी दमलोय. तेव्हा ही हकिगत सांगताना मी मध्येच उसासा टाकला तर तो तुमच्यासाठी नाही, विमानासाठी आहे असं समजा. विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ढग येतात, भरारी येते. माझ्या डोळ्यांसमोर कात्री येते. ज्यांना माझं म्हणणं पटत नसेल त्यांनी एकदा विमानाला कापड लावून बघावं, मग आपण बोलू.

विमान माझं नाही. माझ्या सासऱ्यांचं. आमचे नाना जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर माणूस फिरायला जातो, पेपर वाचतो, सुनेच्या कामात लक्ष घालतो. नानांना सून नाही, म्हणून त्यांनी लाकडाच्या पातळ पट्ट्यांचं विमान करायला घेतलं. खेळणं म्हणायचं नाही त्याला. मी एकदाच म्हटलं होतं. जुन्या काळचं दोन मजली विमान, दोन पंख वर, दोन खाली, आणि पसारा आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा. बरगड्या, कणा, शेपूट, सगळं जिथल्या तिथं. अंगावर कापड तेवढं नव्हतं.

कापडाचं काम सासूबाईंचं. "लाकूड माझं, कापड तिचं," अशी नानांची वाटणी होती. सासूबाईंनी किती दुकानं पालथी घालून एक पातळ रेशमी कापड आणूनही ठेवलं होतं, दुधाच्या रंगाचं. मग त्या गेल्या. कापड कपाटात राहिलं आणि विमान उघडं. पुढं नानांचे हात थरथरायला लागले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि विमानाचा विषय घरात कुणी काढेनासं झालं.

आता नाना आणि मी. लग्न झाल्यापासून नाना माझ्याशी मुख्यतः एकच वाक्य बोलत आलेत. "राहू द्या, जावईबापू." मी बल्ब बदलायला स्टूल उचललं की "राहू द्या." खिळा ठोकायला हातोडी घेतली की "राहू द्या." एकदा मी नुसताच खिडकीपाशी उभा होतो, तरी सवयीनं म्हणाले, "राहू द्या." आवाजात राग नसतो, कुजकेपणा नसतो, आणि तेच जास्त लागतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. बरं, बायकोपाशी तक्रार करावी तर ती म्हणते, "अहो, बरोबरच म्हणतात ना ते."

म्हणून डोळ्यांच्या ऑपरेशनला निघण्याआधी नानांनी विमानाचा सांगाडा आणि ती कापडाची घडी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "हे तुम्ही करा," तेव्हा मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"मी?"

"तुम्हीच. रविवारी नवा चष्मा मिळणार. तो घातला की आधी हे बघायचंय मला. कापडासकट." मग म्हणाले, "ताण मात्र नीट बसू द्या. कापडाला ताण नसला की विमान माझ्यासारखं दिसतं."

ऑपरेशननंतर ते दवाखान्याजवळ, माझ्या मेव्हणीकडे राहणार होते. विमान आमच्याकडे आलं. टॅक्सीत ते माझ्या मांडीवर होतं आणि शेपूट बायकोच्या कानाशी.

"अहो, तुम्ही करणार?" ती म्हणाली.

"नानांनी सांगितलंय."

"ते ठीक आहे हो. पण तुम्ही करणार?"

काही प्रश्नांना माणसानं कामानंच उत्तर द्यावं. हे मी तेव्हा मनात म्हटलं आणि मला ते आवडलंही होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. ते कारखान्यात सुपरवायझर होते, हल्ली आमचे आहेत. घरात काही नवीन आलं की त्याचा वास यांना आधी लागतो. विमान टेबलावर ठेवून मी हात धुवायला गेलो तेवढ्यात काका खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

"यात काय अवघड आहे?" ते म्हणाले. काकांचं प्रत्येक संकट असंच सुरू होतं. "उशीला अभ्रा घालतो की नाही आपण? तसं शिवून घ्यायचं. चार पंख, चार अभ्रे. घातले की झालं."

"नानांनी चिकटवायला सांगितलंय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"चिकटवा ना! आधी शिवा, मग चिकटवा. डबल काम, डबल पक्कं."

काकांच्या सल्ल्याची हीच तर गोम आहे. ऐकताना तो कधीच मूर्खपणाचा वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता मी कापड कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे टाकायला गेलो. मास्तर चहाला गेले होते, म्हणून शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे ठेवलं आणि ऑफिसातून फोन केला. साहेब पलीकडच्याच केबिनमध्ये. त्यामुळे मी तोंडावर हात धरून बोलत होतो, हे लक्षात असू द्या. माझ्या बचावात एवढा एकच मुद्दा आहे.

"मास्तर, चार पंखांना कव्हरं शिवायचीत. घट्ट बसली पाहिजेत."

"पंख्यांना ना? शिवू की."

"हो, पंखांना."

"तेच म्हणतोय मी. बाहेरगावी निघालात वाटतं?"

"नाही हो, सासऱ्यांची आहेत."

"असं होय! सासऱ्यांची म्हटल्यावर झकासच करतो."

"माप द्यायला येऊ का?"

"माप कशाला? सगळे सारखेच असतात हो."

मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, माणूस अनुभवी दिसतोय. यानं आधीही विमानं शिवलेली असणार.

शाळेत आमचे व्याकरणाचे मास्तर छडी आपटून सांगायचे की अर्ध्या अक्षरानं अर्थाचा अनर्थ होतो. आम्ही हसायचो. आता मास्तर असते तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. पंख म्हणजे पंख आणि पंखा म्हणजे पंखा, पण त्यांना कपडे घालायची वेळ आली की एक होतो 'पंखाला' आणि दुसरा 'पंख्याला'. मध्ये एक अर्धा 'य'. त्या अर्ध्या 'य'नं माझ्या सासूबाईंच्या रेशमाच्या चिंध्या केल्या.

टेलरमास्तरांनी पुडकं सोडलं तेव्हा आतून लांबट पिशव्या निघाल्या. प्रत्येकीच्या तोंडाला नाडी. नाडीखाली निळी झालर.

"तीनच पंख्यांची झाली," मास्तर म्हणाले. "चौथ्याला कापड पुरलं नाही, थोडं पाठवा. झालर माझ्याकडून."

मी त्यांच्या स्टुलावर बसलो. त्यांनी मला पाणी दिलं.

"मास्तर, हे विमानाला होतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "विमानात पंखे असतात?"

"पंख हो, पंख! विमानाचे पंख!"

"मग तसं बोलायचं ना."

"तसंच बोललो मी."

"आता मी काय म्हणणार? तुम्ही पंखे म्हणालात, मी पंखे शिवले."

घरी येऊन पुडकं बायकोपुढं ठेवलं. ती रागावेल, आदळआपट करेल, 'तरी मी म्हणत होते' म्हणेल, अशी सगळी तयारी मी जिन्यातच करून आलो होतो. तिनं मात्र एक पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवत बसली. "आईनं हे बाजारातून छातीशी धरून आणलं होतं," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. खरंच सांगतो, त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नानांचा फोन आला. डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे दिवसभर त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

"काय जावईबापू, ताण कसा आहे?"

"भरपूर आहे, नाना," मी म्हणालो. त्या आठवड्यात मी नानांशी बोललेलं ते एकमेव खरं वाक्य.

झाली गोष्ट झाकायची म्हणून मी दुसऱ्या दिवशी कापडाच्या दुकानात गेलो. अगदी तसलंच कापड आणायचं आणि गुपचूप लावून टाकायचं असा बेत. दुकानदार चांगला माणूस होता. नको इतका.

"पांढरं कापड हवंय," मी म्हणालो. "सासऱ्यांसाठी."

त्याचा चेहरा पडला. हातातला चहा त्यानं बाजूला ठेवला. "कधी?"

"रविवारी."

"म्हणजे... अजून आहेत?"

"आहेत ना. पण रविवारपर्यंत सगळं आटपायला हवं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी रात्रभर झोपलो नव्हतो, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावरही सुतकी कळा असणार. "आजारी आहेत का?" त्यानं हळूच विचारलं.

"डोळ्यांचं झालंय. तशी तब्येत ठणठणीत आहे."

एवढं ऐकल्यावर त्यानं मागचा पडदा सारून कुणाला तरी हाक मारली आणि मग दोघं मिळून माझ्याकडे बघायला लागले. "विमानासाठी हवंय हो!" मी ओरडलो. पण दुसरा आपल्या मालकाला म्हणाला, "धक्का बसलाय त्यांना." शेवटी त्यांनी मला जे कापड बांधून दिलं ते एवढं जाड होतं की बायकोनं एकदा चिमटीत धरलं आणि म्हणाली, "हे विमानाला घातलं तर विमान बसेल. कायमचं."

मग तिनंच पदर खोचला. "द्या त्या पिशव्या इकडं," म्हणाली आणि उसवायला बसली. एकेक शिवण सोडवली, इस्त्री फिरवली, लांबट पट्ट्या टेबलावर पंखांशेजारी मांडल्या. गंमत बघा, पंख्याच्या पात्याचं कापड उलगडलं की अर्ध्या पंखाला जवळजवळ पुरत होतं. कमी पडेल तिथं तिनं जोड दिले, आणि जोड नेमका लाकडी बरगडीवर यावा म्हणून खडूनं खुणा केल्या. तिला असं वाकून काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती मान तिरकी करून दातानं दोरा तोडायची. सासूबाईही तसाच तोडायच्या.

"आता चिकटवायचं तुम्ही," ती म्हणाली. "नानांनी तुम्हाला सांगितलंय."

"तू कर की गं, तुझा हात बसलाय."

"मी शिवलं. पुढचं तुम्ही." आणि ती खरंच उठून गेली.

कापड चिकटवून झालं की त्यावर एक पातळ रोगण द्यावं लागतं. ते वाळलं की कापड आटतं आणि ढोलासारखं ताठ होतं. नाना त्या रोगणाला 'डोप' म्हणतात. मी रंगांच्या दुकानात गेलो. गर्दी होती, म्हणून मोठ्यानं विचारलं.

"डोप आहे का, डोप?"

माझ्या शेजारी घरच्या गेटला रंग न्यायला आलेला एक पोलिस उभा होता. त्यानं डबा खाली ठेवला.

"काय पाहिजे म्हणालात?"

"डोप. पातळ असतं ते. सासऱ्यांनी सांगितलंय."

"सासरे घेतात?"

"पूर्वी घ्यायचे. आता हात थरथरतात त्यांचे."

पोलिसानं समजूतदारपणे मान हलवली. "हे बघा साहेब, ताण सगळ्यांनाच असतो. पण म्हणून ताण घालवायला असल्या गोष्टी..."

"अहो, मला ताण आणायला हवंय!"

हे वाक्य मी का उच्चारलं मला माहीत नाही. ते खरं होतं. पण खरं बोलून कुणाचं भलं झालंय? विमानाच्या सांगाड्याचा फोटो दाखवल्यावर कुठं माझी सुटका झाली. "लॅकर म्हणा ना मग!" दुकानदार म्हणाला आणि मागच्या फळीवरचा डबा काढून दिला.

डबा उघडला तसा वास जिन्यानं वर गेला आणि सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. नाकाला रुमाल, हातात नियमांची पुस्तिका.

"घरात काय चाललंय?"

"विमान."

"कुठल्या सदरात घालू?" त्यांनी पानं उलटली. "वाहन असेल तर पार्किंगची जागा दाखवावी लागेल. दुरुस्ती असेल तर दुपारी बंद ठेवावी लागेल. पाळीव असेल तर..."

"पाळीव कसं असेल?"

"मी आपली यादी वाचतोय." बऱ्याच विचारान्ती त्यांनी ते 'किरकोळ बांधकाम' या सदरात घातलं आणि बाल्कनीत करायची परवानगी दिली, शेजारची तक्रार येईपर्यंत. तक्रार त्यांच्याच घरून आली.

बाल्कनीत खाली जुनी वर्तमानपत्रं पसरून मी कामाला लागलो. ओलं कापड बरगड्यांवर घातलं, कडेनं ओढलं, बोटं चिकटली, बोटं सोडवली, कापड चिकटवलं. सुईच्या जुन्या भोकांतून रोगण खाली झिरपत होतं, पण वरून पंख सुरेख दिसत होता. अगदी खोटं वाटावं इतका. तेवढ्यात वरून काकांनी आपल्या बाल्कनीतून डोकं काढलं.

"एक बाजू पूर्ण वाळू द्या! मग दुसरी! घाईत कुणाचं भलं झालंय?"

ऐकलं मी. पुन्हा ऐकलं. अशा वेळी माणूस बहिरा असता तर बरं. एकाच बाजूनं आटलेल्या कापडानं पंख असा ओढून धरला की उठून बघतो तर पंखाची दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली. विमान हात वर करून शरण आलेलं. घाईघाईनं पंख पालथा घालून दुसऱ्या बाजूला रोगण फासलं, तेव्हा तो हळूहळू सरळ झाला. बराचसा. पण खालच्या पंखाला पेपर चिकटला होता. ओढला तर कागद आला, अक्षरं मात्र आली नाहीत. ती पंखाच्या पोटावरच राहिली, उलटी, काळी कुळकुळीत, जाहिरातीच्या चौकटीसकट.

"दिसणार नाही," मी बायकोला म्हणालो. "खालच्या बाजूला आहे."

"नानांना?" ती म्हणाली.

रविवारी नाना आले. नवा चष्मा, आणि त्यामागं धुतल्यासारखे लख्ख डोळे. दारातच थांबून त्यांनी आधी मला नीट पाहिलं.

"बरेच पिकलात हो तुम्ही."

"हल्लीच, नाना."

विमान टेबलावर होतं. नाना खुर्ची ओढून बसले. वरच्या पंखावर त्यांनी बोटानं टिचकी मारली. टम्म. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या पंखावर मारली. भद्द. तो भांड्यातून बाहेर आला. मग त्यांची बोटं कापडावरून हळूहळू सरकत गेली, एका जोडावर थांबली, दुसऱ्यावर थांबली. नवा चष्मा नाकावर नको तितका जवळ आला.

"हे जोड कसले?"

बायको छताकडे बघायला लागली. मी म्हटलं आता सांगून टाकावं. सगळं सांगितलं. पंख, पंखे, नाडी, झालर, कापडवाला, पोलिस. नानांचा चेहरा हलला नाही. त्यांनी विमान थरथरत्या हातांनी अलगद उलटं केलं.

मी डोळे मिटले. कचेरीत उभी हयात ट्रेसिंगच्या कागदाची उलटी बाजू वाचण्यात गेलेला माणूस तो. त्यांना काय उलटं आणि काय सुलटं!

"'माणूस पाहिजे,'" नानांनी सावकाश वाचलं. "'अनुभवाची अट नाही.'"

माझे कान तापले. एवढ्या वर्षांत या माणसानं एक काम सांगितलं होतं, एकच, आणि त्यावर माझी लायकी छापून आली होती.

"नाना, मी काढतो हे सगळं," मी म्हणालो. "नवीन कापड आणतो. पुन्हा लावतो, सरळ लावतो. मला आठवडाभर द्या." आणि मी पंखाची कड सोडवायला नख घातलंसुद्धा.

नानांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात कापत होता, पण पकड घट्ट होती.

"राहू द्या, जावईबापू."

इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य. मी हात मागं घेणार होतो, नेहमीसारखा. पण त्यांनी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताचं बोट त्या जोडावर होतं, जिथं माझ्या बायकोनं सासूबाईंचं कापड सासूबाईंच्याच टाक्यानं शिवलं होतं.

"तिचं आहे," नाना म्हणाले. "आहे तसं राहू द्या." मग नाक ओढून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "स्टूल कुठंय? टांगायचंय ना हे?"

मी स्टूल आणलं आणि सवयीनं त्यांच्यापुढं ठेवून बाजूला झालो.

"माझ्यापुढं काय ठेवताय? चढा तुम्ही." त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली.

मी चढलो. खिळा ठोकला, तो वाकला, दुसरा ठोकला. खाली नानांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं, आणि त्यांचे हात थरथरत असल्यामुळं स्टूल थरथरत होतं, आणि स्टुलावर मी, हातात त्यांचं विमान घेऊन.

"नाना, सोडा तुम्ही, मी धरते," बायको पुढं आली.

"अगं," मी वरून म्हणालो, "राहू दे."